मायएस्क्यूएलचा रात्रीचा बॅकअप वारंवार अर्धवट राहतो

प्रश्न
आमच्या दूध संघाच्या संकलन प्रणालीचा डेटाबेस मायएस्क्यूएल ८.० वर असून त्याचा आकार सुमारे १४० जीबी आहे. रात्री दोन वाजता क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे सुरू करणारी सोय) मायएस्क्यूएलडम्प (डेटाबेसची प्रत काढणारे साधन, थोडक्यात डम्प) चालतो आणि त्याचे आउटपुट पाइपने (एका कमांडचे आउटपुट थेट दुसरीला देणारी जोडणी) जीझिप या डेटा दाबून लहान करणाऱ्या साधनाकडे जाऊन त्याच डिस्कवर फाइल तयार होते. सर्व डेटा एकाच क्षणीचा मिळावा म्हणून सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय दिलेला आहे. तरीही गेल्या तीन महिन्यांत बॅकअप अनेकदा अर्धवट राहिला. बहुतेक वेळा संकलनाच्या सर्वांत मोठ्या टेबलावर त्रुटी २०१३, म्हणजे लॉस्ट कनेक्शन, येते आणि एकदोनदा त्रुटी १४१२, म्हणजे टेबलाची व्याख्या बदलल्याची, आली. स्क्रिप्ट मात्र दररोज ‘बॅकअप पूर्ण’ असा मेल पाठवत राहिली, त्यामुळे फायलींचे आकार सहज पाहिले तेव्हाच हा प्रकार लक्षात आला. मेमरी वाढवावी, की सर्व्हरच बदलावा?

पहिले उत्तर
कृपया आधी काहीही विकत घेऊ नका. जीझिप एकाच कोअरवर चालतो आणि तुमच्याकडे तो त्याच व्यग्र डिस्कवर लिहितो. डिस्क अडली की जीझिप थांबतो, पाइप भरतो, डम्प सर्व्हरकडून ओळी वाचणे थांबवतो आणि नेट-राइट-टाइमआउटची (पाठवलेला डेटा पुढे सरकण्याची सर्व्हर किती वेळ वाट पाहतो, त्याची) मुदत, जी मुळात ६० सेकंदांचीच असते, संपली की सर्व्हर कनेक्शन तोडतो. मोठ्या टेबलावर डम्प सर्वाधिक वेळ असतो, म्हणून तो तिथेच तुटताना दिसतो. ही मुदत ६०० करा, फाइल दुसऱ्या डिस्कवर लिहा आणि जीझिपऐवजी अनेक कोअर वापरू शकणारे पिगझ किंवा झेडएसटीडी वापरा.

मेलचे कारणही पाइपमध्येच आहे. शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा, म्हणजे जीझिपचा, निकाल धरते आणि त्याने मिळाले तेवढे नीट दाबलेले असते. स्क्रिप्ट बॅश या शेलची असेल तर पाइपफेल (पाइपमधली कोणतीही कमांड फसली तरी अपयश धरणारा पर्याय) चालू करा, शिवाय फाइलच्या अखेरीस ‘डम्प कम्प्लीटेड’ ही ओळ आहे का, ते तपासा. बॅकअप नेमक्या कोणत्या तारखांना फसला, हेही कळवावे.

प्रश्नकर्ता
जुन्या फायली तपासल्या. अपवाद न होता १, ११ आणि २१ याच तारखा आहेत. त्या रात्री उत्पादकांच्या दहा दिवसांच्या बिलांचे काम एक वाजता सुरू होते आणि चारच्या सुमारास संपते. हे आधी का पाहिले नाही, याचे आता नवल वाटते.

दुसरे उत्तर
मग त्रुटी १४१२ चाही उलगडा होतो. बिलांचा प्रोग्राम एखादे कामापुरते टेबल ट्रंकेट (पूर्ण रिकामे) किंवा आल्टर (रचनेत बदल) करत असणार. सिंगल-ट्रान्झॅक्शनमुळे इनोडीबी या मायएस्क्यूएलच्या साठवण-यंत्रणेतील ओळींचे एका क्षणीचे चित्र मिळते, पण टेबलाच्या रचनेतील बदलांपासून संरक्षण मिळत नाही. ज्या टेबलापर्यंत डम्प अद्याप पोहोचलेला नाही ते मध्येच बदलले, तर डम्प तिथे थांबतो. ते टेबल इग्नोर-टेबल हा पर्याय देऊन वगळा, किंवा त्या तीन रात्री बॅकअप बिलांनंतर घ्या.

टाइमआउट वाढवणे ही मात्र माझ्या मते मलमपट्टी आहे. डम्प जितका लांबतो तितक्या जुन्या नोंदी अनडू लॉगमध्ये साचतात आणि बिलांचे कामही मंदावते. कायमचा उपाय म्हणजे रेप्लिका, म्हणजे मुख्य डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवर सतत अद्ययावत होणारी प्रत, उभी करून बॅकअप तिच्यावरून घेणे. केवळ रेप्लिकेवर विसंबू नका, कारण चुकून चालवलेला डिलीट क्षणात तिथेही पोहोचतो. बायनरी लॉग (डेटातील बदलांच्या नोंदी) दुसऱ्या मशीनवर जात राहिले, तर अशा वेळी दोन बॅकअपमधला डेटाही परत मिळवता येतो.

तिसरे उत्तर
मेलबाबत एक भर घालतो. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा असे आढळले की पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डम्पची जुनी आवृत्ती चालत असल्यामुळे बॅकअप होतच नव्हते आणि अपयशाचे मेल डीमार्क या मेल पाठवणाऱ्याची खात्री करणाऱ्या तपासणीत नाकारले जात होते. म्हणून मी अपयशाच्या मेलची वाट पाहत नाही. ताज्या फाइलचे वय आणि आकार दुसरे मशीन तपासते आणि दर रविवारी एक फाइल प्रत्यक्ष रिस्टोर होते.

प्रश्नकर्ता
पाइपफेल, पिगझ आणि वेगळी डिस्क एवढे बदल केले, तसेच बिलांच्या रात्रीचा बॅकअप साडेचारला नेला. काल २१ तारीख होती. फाइल पूर्ण झाली आणि शेवटची ओळही सापडली. मात्र काम सकाळी सातपर्यंत चालले, म्हणजे सकाळच्या संकलनाच्या ऐन गर्दीत, आणि दोन केंद्रांवरून पावती उशिरा निघत असल्याचे फोन आले. रेप्लिकेसाठी जुने मशीन मागितले आहे.