अंगठा उमटत नाही म्हणून आत्याचं रेशन अडलंय, मदत हवी आहे

नमस्कार. आत्या ७२ वर्षांची, गावी एकटीच राहते. अंत्योदय कार्ड आहे, महिन्याला ३५ किलो धान्य. आयुष्यभर ऊसतोड करून बोटांच्या रेषाच झिजल्यात, रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर (बोट लावून ओळख पटवायचं यंत्र) दोन महिने एकही बोट लागलेलं नाही.

आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट केलं, तरी तेच. दुकानात डोळ्यांचं स्कॅनर नाही. ओटीपी घ्यावा तर तिच्याकडे फोनच नाही. दुकानदार म्हणतो, माझा नंबर आधारला जोडा आणि झेरॉक्स देऊन ठेवा, दर महिन्याला मी बघतो. हे मला अजिबात पटत नाही. तिचे श्रावणबाळ योजनेचे पैसेही आधारशी जोडलेले आहेत, मग आधारचा प्रत्येक ओटीपी परक्याच्या हातात कसा द्यायचा?

आधार द्यायला आमची ना नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये आधार कायद्याचं कलम ७, म्हणजे सरकारी लाभासाठी आधार मागण्याची तरतूद, वैध ठरवलं, हे माहीत आहे. पण प्रमाणीकरण, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, फसलं म्हणून खरा लाभार्थी वंचित राहू नये, हेही त्याच निकालात आहे. केंद्राच्या अन्न विभागाचं २४ ऑक्टोबर २०१७ चं पत्रकही तेच सांगतं. तहसीलच्या पुरवठा शाखेत तोंडी विचारलं, तर 'दुकानदाराशी बोला' एवढंच उत्तर मिळालं. मी पुण्यात असते, दर महिन्याला जाणं जमत नाही.

बोट न लावता, नोंदवहीत नोंद करून किंवा नॉमिनीमार्फत (तिच्या वतीने धान्य उचलायला नेमलेली व्यक्ती) धान्य मिळावं म्हणून लेखी अर्ज नेमका कुणाकडे आणि कोणती कागदपत्रं लावून करायचा? आणि झेरॉक्स द्यावीच लागली, तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार रेशन दुकानात चालतं का?