उनपदेवच्या उष्ण झऱ्याकाठी कोणत्या वनस्पती तग धरतात?

चोपडेकर:
नमस्कार. परवा अडावदजवळच्या उनपदेवला गेलो होतो. गोमुखाखालच्या दगडावर बुळबुळीत, गर्द हिरवा थर होता. पुढची चार-पाच पावले ओघळीचा काठ उघडा, आणि तिथून पुढे एकदम कमरेएवढा लव्हाळा माजलेला. मधल्याच पट्ट्यात काही का उगवत नसावे? उष्ण झऱ्याचीच म्हणता येईल अशी एखादी वनस्पती असते का?

जुना मास्तर, शहादा:
दगडावरचा थर बहुधा नीलहरित जीवाणूंचा असावा. त्यांच्यातील काही जाती सुमारे ७३ अंश सेल्सिअसपर्यंत प्रकाशसंश्लेषण करतात. मुळे असलेल्या बहुतेक वनस्पतींना मात्र ४५ अंशांची माती सोसवत नाही, म्हणून जिवाणूंना मानवणारा पण मुळांना न मानवणारा पट्टा उघडा राहतो, आणि खरी विविधता पाणी निवत जाते तिथे दिसते. अपवाद अमेरिकेतील यलोस्टोनच्या एका गवताचा. ते ६५ अंशांच्या मातीत जगते, पण एकट्याच्या बळावर नव्हे: त्याच्या आत एक बुरशी राहते आणि त्या बुरशीत एक विषाणू. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की विषाणू काढून टाकला, तर बुरशी असूनही गवत तग धरत नाही. (आपल्याकडच्या लव्हाळ्याच्या मुळांत कोणी डोकावले आहे का, हे विचारायचा मोह होतो.)

पानवेल:
मास्तरांच्या ‘निवत जाते तिथे’ या शब्दांना रवांडातील एका इवल्याशा कमळाची जोड देते. जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी पाने असलेले हे कमळ १९८७ साली एका उष्ण झऱ्याच्या काठी सापडले, तेही पाणी २५ अंशांपर्यंत निवलेल्या ओल्या चिखलात. पुढे झऱ्याचे पाणी शेतीकडे वळवल्यामुळे तो चिखल सुकला आणि कमळ तिथून गेले. लंडनच्या क्यू उद्यानात २००९ साली बियांपासून ते वाढवता आले म्हणून वाचले. आमच्या भागातल्या एका कुंडाची ओघळ सिमेंटने बांधून काढल्यावर काठचे नेचे दोन उन्हाळ्यांत नाहीसे झाले. कुंड स्वच्छ दिसते खरे.

चोपडेकर:
मास्तर, ताई, आभार. पुढच्या खेपेला तापमापक नेईन. मोजमाप पाण्याचे घ्यावे की मातीचे?

जुना मास्तर, शहादा:
दोन्ही, पण आधी मातीचे. चिखलात चार बोटे खोल, लव्हाळा सुरू होतो नेमक्या त्या जागी. आणि पावसाळ्यात जाऊ नका, वरचे पाणी मिसळून सगळा हिशेब चुकतो.