विहिरींची पाणीपातळी मोजून टंचाईचा अंदाज कसा घ्यायचा?

प्रश्न: गावात ४० विहिरी आहेत, बसाल्टचा (काळ्या कातळाचा) भाग. सगळ्या मोजायच्या का?

उत्तर १: कशाला? माथा, उतार, ओढाकाठ मिळून ८-१० पुरे. कठड्यावर रंगाची खूण करा, दरवेळी तिथूनच टेप सोडा. मोजायचं पहाटे, मोटारी सुरू व्हायच्या आत. उपशानंतरचा आकडा फसवतो.

उत्तर २: दादा, टेपच्या आकड्यातून कठड्याची उंची वजा करा बरं का! सगळे तिथेच चुकतात. दर महिन्याला मोजा. ऑक्टोबर आणि मे अजिबात चुकवू नका.

उत्तर ३: शेजारी पर्जन्यमापकही हवा. १ मिमी पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर. कातळात साठा थोडा, म्हणून ऑक्टोबरची पातळी बघूनच रब्बी ठरवा. पाणी खोल गेलं असेल तर कांद्याऐवजी हरभरा.