मदत हवी आहे: ओढ्याकाठची जलपिंपळी हलवायची कशी?

आमच्या गावच्या ओढ्याला दिवाळीनंतर सिमेंटची भिंत घालणार आहेत. काठावरचा जलपिंपळीचा सगळा पट्टा त्यात जाईल. जमिनीलगत पसरते, पेरापेराला मुळं धरते; टोकाकडे दातेरी पानं, लांब देठावर जांभळट बोंड आणि त्याभोवती पांढऱ्या-गुलाबी इवल्या फुलांचं कडं. मयूर भिरभिरी फुलपाखरू हिच्यावर अंडी घालतं, म्हणून जीव जास्तच तुटतो.

थोडी तरी वाचवायची आहे. मातीसकट गड्डे उचलू की पेरांचे तुकडे लावले तरी चालतील? विहिरीजवळ ओल असते, पण दुपारनंतर सावली. तिथे फुलेल का? उन्हाळ्यात पाणी किती द्यावं? कुणी प्रत्यक्ष लावली असेल तर कृपया लवकर सांगा.