मधल्या थरांची रेषा उडी का मारते

ओसीटीवर (डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन) आयएलएम (पडद्याची सगळ्यात वरची, आतली सीमा) नीट सापडते, पण मधल्या थरांची रेषा रक्तवाहिनीच्या सावलीत भरकटते, असं तुम्ही म्हणताय. शॉर्टेस्ट पाथ (इमेजमधून सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग शोधून सीमा काढणारी पद्धत) वापरत असाल तर आधी इमेज सपाट करा. आरपीई (पडद्याच्या तळाचा रंगद्रव्याचा थर) हा उजळ पट्टा धरून त्यावर सेकंड ऑर्डरचा (वर्गसमीकरणाचा) वक्र बसवा आणि प्रत्येक कॉलम वर-खाली सरकवा. नाहीतर मार्ग वळण टाळून आडवा कापत जातो. मग आयएलएम आणि आयएस-ओएस (प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या आतल्या-बाहेरच्या भागांमधली सीमा) काढून घ्या, बाकीचा शोध त्यांच्यामध्येच कोंडा. या दोन्ही सीमा वरून खाली अंधाराकडून उजेडाकडे जातात, आरएनएफएलची (वरच्या मज्जातंतूंच्या थराची) खालची कडा उलटी. ग्रेडियंटचं (उजेडातल्या बदलाचं) चिन्ह चुकलं की रेषा शेजारच्या थरावर बसलीच! सावलीचे कॉलम आरपीईचा उजेड कुठे कमी झालाय त्यावरून ओळखा आणि तिथे दोन्ही बाजूंच्या रेषा जोडून घ्या. फोव्हिआत (पडद्याच्या मधल्या खळग्यात) आतले थर जवळपास संपतात, तेव्हा तिथे किमान जाडीची अट नको.

मे महिन्यातले नागपूरचे स्कॅन असतील तर कोडला शिव्या देण्याआधी सिग्नल बघा. डोळा कोरडा पडला की सिग्नल पडतो. कृत्रिम अश्रूंचा थेंब, पापण्यांची उघडझाप, मग परत स्कॅन. सिर्रसवर (झाइसचं ओसीटी यंत्र) सिग्नल 10 पैकी 6 च्या खाली आलेला स्कॅन सरळ बाजूला काढा.