मदत हवी आहे: ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प) बदलाला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीविरुद्ध अपिलाचे ३० दिवस कधीपासून मोजायचे?

फोंडा तालुक्यातल्या एका कारखान्याला पूर्वी अट होती: प्रक्रिया केलेले सांडपाणी आवारातल्या झाडांनाच घालायचे, बाहेर थेंबही सोडायचा नाही. सुधारित संमतीपत्रात ते व्हाळात (ओढ्यात) सोडायची मुभा मिळाली आहे. खाली त्याच व्हाळाच्या पाटावर आमची कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) शिंपली जातात. सकाळी बांधाच्या दगडांना तपकिरी फेस चिकटलेला असतो.

जल अधिनियम १९७४ च्या कलम २५(६) प्रमाणे मंडळाची नोंदवही पाहिली, तेव्हा हा आदेश कळला. तोवर आदेशाला ५२ दिवस झाले होते. नोंदवही पाहून आज १२ दिवस झालेत. ईटीपीचा नवा आराखडा आणि दोन्ही संमतीपत्रे माहिती अधिकारात मागितली आहेत, पण तिथेही उत्तराला ३० दिवस लागू शकतात. खाजगी प्रयोगशाळेत सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचे एक माप) २५० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर आला. तेवढ्यावर भिस्त नको, म्हणून कलम २१ प्रमाणे मंडळानेच नमुना घ्यावा असा अर्जही दिलाय.

पुण्याच्या हरित न्यायाधिकरणाचा सल्ला नको. कलम ३३ब खाली तिथे नंतर जाता येते. आधी कलम २८ चे अपील करायचे आहे. त्यात ‘बाधित व्यक्ती’ला आदेश कळवल्यापासून ३० दिवस आहेत, आणि आम्हाला तो कुणी कळवलेलाच नाही.

मग मुदत नोंदवही पाहिल्या दिवसापासून धरतात, की विलंबमाफीचा अर्ज जोडावाच लागतो? आणि आदेशाची प्रमाणित प्रत हाती नसताना अपील दाखल करून घेतात का?