सागवानाच्या फळीत इपॉक्सी ओतायचं आहे, सल्ला हवा

वणीकडचा:
नमस्कार मंडळी. सागवानाच्या दोन फळ्यांमधे निळं इपॉक्सी रेझिन (दोन द्रव मिसळले की कडक होणारं) ओतून टीपॉय करायचा आहे. फळ्या 4 फूट लांब, दीड इंच जाड, मधली फट सरासरी 4 इंच. काम पडवीत करणार. माल किती लागेल? एप्रिलमधे ओतलं तर चालेल का? तालुक्याच्या दुकानात फायबरवाल्यांचं रेझिन स्वस्तात मिळतं, ते घेऊ का?

रंधापटाशी:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. फायबरचं रेझिन म्हणजे पॉलिएस्टर. ते आक्रसतं, लाकडाला नीट धरत नाही आणि पडवीभर स्टायरीनचा वास सोडतं. सोबत कोबाल्ट आणि कॅटालिस्ट अशा दोन बाटल्या देतात. त्या दोन्ही एकमेकींत थेट मिसळल्या तर भडका उडू शकतो. ते घेऊच नका.

आता हिशेब. 122 × 10.2 × 3.8 सेंमी म्हणजे साधारण 4.7 लिटर. गळती आणि लाकडात मुरण्यासाठी दहा टक्के वाढवा, 5.2 लिटर. घनता 1.1 च्या आसपास धरली तर पावणेसहा किलो. घेताना ‘डीप कास्टिंग’चा, म्हणजे जाड थरात ओतायचा माल मागा आणि एका थराला किती जाडी चालते ते डब्यावर वाचा. टेबलावर चकाकी आणायचं कोटिंग रेझिन 3 ते 6 मिमीपुरतंच असतं. ते दीड इंच ओतलं की तापतं, पिवळं पडतं, तडकतं.

अजून एक. डब्यावर रेझिन आणि हार्डनर (त्याला कडक करणारा दुसरा भाग) 2:1 लिहिलं असेल तर ते मापाने की वजनाने, हे बघा. रेझिन जड, हार्डनर हलकं, त्यामुळे मापाने 2:1 म्हणजे वजनाने साधारण 100:43. नेमका आकडा कंपनीच्या कागदावर असतो, तोच पाळा. वजनकाट्याशिवाय हात घालू नका. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त टाकायची सवय पॉलिएस्टरमुळे लागते. इपॉक्सीत जास्तीचं हार्डनर तसंच उरतं आणि माल कायमचा चिकट राहतो.

पऱ्हाटीवाला:
भाऊ, एप्रिलात दुपारी ओतसान तं मगातच धूर निघीन! दर 10 अंशामागं हातातला वेळ (कालवल्यावर माल घट्ट व्हायच्या आधीचा) जवळपास निम्मा होते. कागदावरचा वेळ 25 अंशाचा राहते, पडवीत 42 असते. दिवस बुडाल्यावर ओता, किंवा सरळ डिसेंबर-जानेवारीत करा. तवा थंडीनं रेझिन डब्यात साखरेसारखं गोठलं तं घाबरू नका. डबा गरम पाण्यात ठेवा, पूर्ण पारदर्शक होऊ द्या, थंड करा, मग वापरा.

उरलेला माल मगात सोडू नका, पातळ पसरून टाका. मगातला माल तापाले लागला तं तो उघड्या मातीवर नेऊन ठेवा. पऱ्हाट्या, कुटार, डिझेलचा डबा जवळ नसावा. अन् कच्चा माल नालीत, नाल्यात अजिबात नाही.

वणीकडचा:
रात्री कूलर लावून ओतलं तर?

रंधापटाशी:
कूलरची हवा ओली असते. हार्डनर ओलावा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं, वर मेणचट साय येते. आलीच तर कोमट पाण्याने घासून धुवा, वाळवा, मगच पुढचा थर. नुसतं पॉलिश पेपर मारलं तर ती साय पसरते. पावसाळ्यात हाच त्रास दुप्पट.

फळीचा ओलावा मीटरवर 12 टक्क्यांखाली हवा. साल, भुसभुशीत कडा काढून टाका. सागवान तेलकट, म्हणून ओतायच्या कडा अ‍ॅसिटोनने पुसा आणि उडून जाऊ द्या. मग ब्रशने पातळ रेझिनचा एक हात द्या, तोही संध्याकाळी. लाकूड थंड होत असताना माल आत ओढून घेतं. सकाळी तापत्या लाकडातून हवा बाहेर येते आणि बुडबुडे सुटतच राहतात.

साचा सनमायका लावलेल्या प्लायचा करा. आतून पॅकिंग टेप, सांध्यांना सिलिकॉन, आणि ते सिलिकॉन एक दिवस वाळलं पाहिजे. पाणसळीने लेव्हल बघा. फळ्या वरून क्लॅम्पने दाबा, नाहीतर रेझिनमधे त्या तरंगून वर येतात. हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

कालवताना कडा आणि बूड खरवडत चार-पाच मिनिटं सावकाश ढवळा, मग दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या भांड्याच्या कडेला न मिसळलेला माल चिकटून असतो, तोच पुढे मऊ डाग पाडतो. कोरडा रंग घेतला तर तो आधी नुसत्या रेझिनमधे घोटा.

पऱ्हाटीवाला:
हातमोजे नायट्राईलचे. अंगाले लागलं तं थिनर नको, त्यानं माल कातडीत अजून मुरते. पुसा अन् साबण-पाण्यानं धुवा. खाज, पुरळ उठलं तं थांबा. एकदा अ‍ॅलर्जी झाली तं सहसा जन्माची असते. पडवी दोन्हीकडून मोकळी ठेवा. बंद खोलीत सेंद्रिय वाफांचा फिल्टर असलेला मास्क लागते. कापडी रुमालानं वाफ अडत नाही. घासताना वेगळा, धुळीचा एन-95.

वणीकडचा:
घासायला कधी घ्यायचं?

रंधापटाशी:
डीप कास्टिंग साच्यातून काढायलाच दोन-तीन दिवस लागतात, पूर्ण कडक व्हायला आठवडा किंवा जास्त. अर्धकच्च्याची धूळ अंगाला जास्त बाधते आणि पेपरही लगेच भरतो. पुढे 80, 120, 180, 240, 320 अशा क्रमाने जा, मधला पेपर गाळू नका. मशीन एका जागी दाबून धरलं तर रेझिन तापून मऊ पडतं. शेवटी तेल किंवा पीयूचा (पॉलियुरेथेन वॉर्निशचा) हात. टीपॉय उन्हात ठेवणार असाल तर यूव्ही रोखणारा पीयू घ्या, तरी पिवळेपणा फक्त लांबतो.